दान, वेतन आणि कर्ज : केप व्हर्डमधील परकीय विकासमदतीची चिकित्सा

परकीय विकासमदतीविषयी गेल्या दोन दशकांत जे लेखन झाले त्याचे एक वैशिष्ट्य असे, की त्यात आफ्रिका हा खंड बहुधा एकाच देशासारखा वावरतो. जेफ्री सॅक्स यांचे ‘द एन्ड ऑफ पॉव्हर्टी’ (२००५), विल्यम ईस्टर्ली यांचे ‘द व्हाइट मॅन्स बर्डन’ (२००६) आणि डॅम्बिसा मोयो यांचे ‘डेड एड’ (२००९) हे तीन ग्रंथ या वादाची तीन टोके मानली जातात. गरिबीच्या सापळ्यात अडकलेल्या देशांना एकाच वेळी मोठा रेटा दिल्याखेरीज ते वर येणार नाहीत, असे सॅक्स म्हणतात. दूर बसून आराखडे आखणाऱ्या ‘नियोजकां’पेक्षा जागेवर राहून उपाय हुडकणारे ‘शोधक’ ईस्टर्ली यांना अधिक विश्वासार्ह वाटतात. मोयो यांचा पवित्रा सर्वांत टोकाचा आहे. पाच वर्षांनी मदतीचा ओघ कायमचा थांबेल असे आफ्रिकी राष्ट्रांना एकेक करून कळवले तर काय होईल, असा प्रश्न त्या विचारतात आणि त्याचे उत्तर आशादायक असल्याचे सुचवितात.

या तिन्ही प्रतिपादनांत मदत किती द्यावी, द्यावी की नाही आणि कोणी आखावी याची चर्चा भरपूर आहे. मात्र बंदरावर उतरलेले धान्य गावातल्या माणसाच्या हाती पडते तेव्हा ते दान असते, मजुरी असते की भावी पिढ्यांच्या नावावर लिहिलेले कर्ज असते, हा प्रश्न त्यांत मागे राहतो. ईस्टर्ली यांनी पद्धतीचा मुद्दा उपस्थित केला आहे खरा. परंतु त्यांच्या मांडणीत मदत घेणारे राज्य हे बहुतांशी अडथळा म्हणूनच येते. ही त्रुटी ज्या देशाच्या अनुभवावरून स्पष्ट होते तो देश म्हणजे अटलांटिक महासागरातील केप व्हर्ड, अर्थात २०१३ पासून अधिकृतपणे ‘काबो व्हेर्दे’ या नावानेच ओळखला जाणारा द्वीपसमूह. दहा बेटे, सुमारे ४,०३३ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि २०२१ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहूनही कमी लोकसंख्या! मराठवाड्यातील एखाद्या लहान जिल्ह्यातही मावेल एवढा हा देश मदतीच्या सिद्धान्तांना पुरून उरला आहे.

दुष्काळाचा वारसा

सेनेगलच्या किनाऱ्यापासून ५०० ते ६०० किलोमीटरवर असलेली ही बेटे साहेल पट्ट्याच्याच हवामानात मोडतात. पाऊस आला तर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, तोही थोड्या जोरदार सरींत, आणि उतारावरची माती घेऊन तो थेट समुद्राला मिळतो. शेतीयोग्य जमीन एकूण क्षेत्राच्या जेमतेम दहावा भाग. मका आणि कडधान्ये ही मुख्य पिके; पहिल्या पावसाआधीच कोरड्या जमिनीत बी टाकण्याची, मराठी शेतकरी जिला धूळपेरणी म्हणतो तशी, रीत तेथेही आहे. चांगल्या वर्षीसुद्धा देशाच्या गरजेचा लहानसा हिस्साच शेतातून निघतो; बाकीचे धान्य जहाजाने येते. ‘परावलंबन’ हा शब्द या देशासंबंधी वापरताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण धान्याची आयात ही तेथे धोरणाची चूक नसून भूगोलाची अट आहे.

पोर्तुगीज अमलात या अटीची किंमत लोकांनी प्राणांनी चुकविली. १९४१ ते १९४३ आणि १९४७–४८ या दोन दुष्काळांत हजारोंचे बळी गेले. १९४० च्या जनगणनेत १ लाख ८० हजारांच्या घरात असलेली लोकसंख्या १९५० मध्ये दीड लाखाच्या आसपास उतरली होती. यातील काही घट स्थलांतराची होती; साव तोमे बेटावरील कोकोच्या मळ्यांवर कंत्राटी मजूर म्हणून माणसे पाठविली जात होती. परंतु उपासमार हेच मुख्य कारण होते. सालाझार राजवटीतील वृत्तनियंत्रणामुळे या मृत्यूंचा बोभाटा झाला नाही. त्या काळातील मदतीचे स्वरूप कसे होते याची एक खूण इतिहासात राहिली आहे. २० फेब्रुवारी १९४९ रोजी राजधानी प्राया येथे मदतकेंद्राची भिंत कोसळली आणि अन्नासाठी जमलेली दोनशेहून अधिक माणसे तिच्याखाली दगावली.

या पार्श्वभूमीवर अमिल्कार काब्राल हे कृषिशास्त्रज्ञ होते ही बाब केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देता येत नाही. लिस्बनमध्ये शिक्षण घेतलेल्या काब्राल यांनी या बेटांवरील पाऊस आणि मातीची धूप यांवर लिहिले होते. पुढे १९५६ मध्ये त्यांनी गिनी आणि केप व्हर्ड यांच्या स्वातंत्र्यासाठी पक्ष स्थापन केला. जानेवारी १९७३ मध्ये कोनाक्री येथे त्यांची हत्या झाली आणि ५ जुलै १९७५ रोजी केप व्हर्ड स्वतंत्र झाला. गोव्याची सुटका त्याच साम्राज्यातून १९६१ मध्येच झाली होती. केप व्हर्डचे स्वातंत्र्य मात्र साहेलच्या त्या दीर्घ अवर्षणाच्या ऐन मध्यावर आले, जे १९६८ मध्ये सुरू झाले होते आणि स्वातंत्र्यानंतरही दशकभर पुरते सरले नाही. नव्या सरकारच्या तिजोरीत पैसा नव्हता, शेतात पीक नव्हते आणि लोकांच्या स्मरणात १९४७ ताजे होते.

धान्याचे वेतन

येथून पुढे जे घडले ते मदतीच्या इतिहासात वेगळे ठरते. स्वातंत्र्यानंतर अमेरिका, युरोपीय राष्ट्रे आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांच्याकडून धान्य येऊ लागले. केप व्हर्ड सरकारने ते फुकट वाटले नाही. सार्वजनिक पुरवठा कंपनीमार्फत ते सर्व बेटांवरील दुकानांत ठरावीक दराने विकले गेले. विक्रीतून जमलेली रक्कम राष्ट्रीय विकास निधीत भरली गेली आणि त्या निधीतून ग्रामीण भागात मजूरप्रधान कामे काढण्यात आली. ही कामे त्यांच्या पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांवरून ‘फाइमो’ म्हणून ओळखली जात. उतारांवर दगडी बांध, ओढ्यांच्या पात्रात धूप रोखणारे अडथळे, पायऱ्यापायऱ्यांची शेते, दगडी फरसबंदीचे रस्ते आणि झाडे लावणे अशी ती कामे होती. मजुरी रोखीत मिळे. त्याच मजुरीतून मजूर दुकानात तेच धान्य विकत घेई.

वरवर पाहता हा केवळ हिशेबाचा खेळ वाटतो. धान्य सरळ वाटले काय आणि विकून मजुरी दिली काय, पोटात जाणारा मका तोच. परंतु या फेऱ्यात तीन गोष्टी बदलतात. दुकानात धान्य सतत उपलब्ध राहिल्याने भाव भडकत नाहीत आणि जे कामावर जात नाहीत त्यांचेही रक्षण होते. वेगवेगळ्या देणगीदारांचा पैसा एकाच निधीत मिसळल्याने कोणता बांध कोणाच्या देणगीचा हे सांगणे अवघड होते, आणि म्हणून काम कोठे काढावयाचे हे ठरविण्याचा अधिकार देणगीदाराकडे न जाता सरकारकडे राहतो. तिसरी गोष्ट मोजता येण्याजोगी नाही, पण प्राया येथील १९४९ ची घटना ठाऊक असलेल्या समाजात तिचे वजन मोठे होते. रांगेत हात पसरणारा माणूस आठवड्याची मजुरी मागणारा माणूस झाला.

ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी ‘हंगर अँड पब्लिक ॲक्शन’ (१९८९) या ग्रंथात केप व्हर्डचा समावेश आफ्रिकेतील यशस्वी दुष्काळनिवारणाच्या उदाहरणांत केला; केनिया, झिम्बाब्वे आणि बोट्स्वाना ही इतर उदाहरणे. त्याच ग्रंथात १९७२–७३ च्या महाराष्ट्रातील दुष्काळाचाही अभ्यास आहे. म्हणजे आंतरराष्ट्रीय पातळीवर या दोन प्रदेशांची नावे एकाच विवेचनात आली. मराठी अभ्यासकांनी मात्र या सान्निध्याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही.

वास्तविक तुलनेला येथे भरपूर जागा आहे. महाराष्ट्रात १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास पोचली होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते ही कामे, रोख मजुरी आणि बाजारात उपलब्ध धान्य हे सूत्र दोन्हीकडे सारखेच. अमेरिकेतून आलेला मिलो आणि मदतकेंद्रांवरची सुकडी ज्या पिढीच्या आठवणीत आहे तिला केप व्हर्डच्या दुकानातील आयात मका अपरिचित वाटू नये. परंतु पुढच्या पावलावर दोन वाटा फुटतात. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आणला. काम मागणे हा हक्क ठरला आणि त्यासाठीचा पैसा व्यवसायकरासारख्या राज्याच्या स्वतःच्या करांतून उभा करण्यात आला. केप व्हर्डमध्ये काम होते, पण कामाचा हक्क नव्हता. कोणत्या वाडीतील किती माणसे घ्यावयाची, किती महिने घ्यावयाची हे दर वर्षी प्रशासन ठरवी, आणि प्रशासन काय ठरवू शकेल हे त्या वर्षी किती जहाजे धान्य घेऊन आली यावर अवलंबून राही.

या ठिकाणी द्रेझ-सेन यांच्या मांडणीविषयी एक आक्षेप नोंदवावा लागतो. सेन यांच्या एकूण विचारात मुक्त वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष यांना दुष्काळप्रतिबंधात केंद्रीय स्थान आहे. केप व्हर्डमध्ये त्या काळी एकपक्षीय राजवट होती. बहुपक्षीय निवडणूक १९९१ मध्ये प्रथमच झाली आणि तीत सत्ताधारी पक्ष पराभूत झाला. लोकशाहीत दुष्काळबळी पडत नाहीत या विधानाचा व्यत्यास खरा असलाच पाहिजे असे नाही, हे तर्कदृष्ट्या मान्य करता येते. तरीही निवडणुकीची भीती नसलेल्या सरकारने लोकांना उपाशी मरू का दिले नाही, याचे उत्तर द्यावेच लागते. स्वातंत्र्यलढ्याने दुष्काळमृत्यूंनाच वसाहतवादाविरुद्धचा मुख्य पुरावा ठरविले होते. तोच पुरावा उद्या स्वतःविरुद्ध उभा राहील ही धास्ती नव्या राज्यकर्त्यांना मतपेटीइतकीच बांधून ठेवीत असावी, असे अनुमान करता येते. पण अशी नैतिक बांधिलकी लढ्याची आठवण असलेल्या पिढीपुरतीच टिकते. महाराष्ट्राने जे कायद्यात बांधले ते केप व्हर्डने राज्यकर्त्यांच्या स्मृतीवर सोडले. या व्यवस्थेचे दौर्बल्य ते हेच.

दुसरा आक्षेप बेटांवर न राहणाऱ्या माणसांविषयीचा आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड व ब्रॉक्टन, तसेच लिस्बन आणि रॉटरडॅम येथे केप व्हर्डच्या लोकांची मोठी वस्ती आहे, आणि त्यांनी धाडलेल्या पैशावर बेटांवरील असंख्य घरे चालतात. मदतीचे यश मोजताना हा ओघ बाजूला ठेवला तर निष्कर्ष फसवा येतो. जेम्स फर्ग्युसन यांनी ‘द अँटी-पॉलिटिक्स मशीन’ (१९९०) मध्ये लेसोथोविषयी नेमका हाच मुद्दा मांडला होता. जागतिक बँकेने १९७५ च्या अहवालात ज्या लेसोथोला बाजारापासून तुटलेला शेतकऱ्यांचा देश म्हणून रंगविले, तेथील पुरुष कित्येक पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबत होते. त्या चुकीच्या चित्रावर आधारलेला थाबा-त्सेका प्रकल्प शेतीसुधारणेत अपयशी ठरला, पण सरकारी यंत्रणेचे हात डोंगरापर्यंत पोचविण्यात यशस्वी झाला, असे फर्ग्युसन दाखवितात. केप व्हर्डचे सरकार आपल्या देशाविषयी अशा भ्रमात नव्हते. आपले लोक बाहेर असतात हे ते जाणून होते. तरी ‘फाइमो’च्या कामांनीही राज्ययंत्रणा दूरच्या दऱ्याखोऱ्यांत नेली, हा परिणाम तेथेही दिसतो.

कामे आणि त्यांचे फलित

मजुरी वाटणे हा हेतू सफल झाला हे निर्विवाद. स्वातंत्र्यानंतरच्या अवर्षणांत १९४० च्या दशकासारखी प्राणहानी झाली नाही आणि बालमृत्यूंचे प्रमाण घटत गेले. कामांच्या दर्जाविषयी मात्र तितक्या खात्रीने बोलता येत नाही. १९७५ मध्ये ३ हजार हेक्टरांहूनही कमी असलेले वनक्षेत्र पुढे ८० हजार हेक्टरांच्या वर गेले, ही आकडेवारी कौतुकाने सांगितली जाते. परंतु या वनाचा मोठा हिस्सा प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा या एकाच झाडाने व्यापला आहे, म्हणजेच आपल्याकडची वेडी बाभूळ! महाराष्ट्रातील ओढ्याकाठी आणि पडीक रानात तिने काय केले आहे हे वेगळे सांगावयास नको. सरपण, कोळसा आणि वाऱ्याला अडसर हे तिचे गुण केप व्हर्डमध्येही कामी आले. मायो बेटावर तिच्यामुळे कोळशाचा व्यवसायच उभा राहिला. पण ‘जंगल’ या शब्दातून वाचकाच्या मनात जे उभे राहते ते तेथे नाही, आणि हेक्टरांचा आकडा हा भेद लपवितो.

दगडी बांधांचेही तसेच. एखाद्या दरीत ओळीने बांधलेले अडथळे योग्य जागी असतील तर माती धरतात. नसतील तर एका मुसळधार रात्रीत वाहून जातात. मजुरी हेच उद्दिष्ट असेल तर बांध वाहून जाणे हे अपयश ठरत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा काम निघते. रोजगार हमीच्या कामांविषयी महाराष्ट्रात हीच टीका अनेकदा झाली आहे. शिवाय मजुरी कमी होती आणि कामावर स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. घरातला पुरुष परदेशी गेलेला, पैसे कधी येतात कधी येत नाहीत, आणि बाई बांधावर दगड वाहते आहे, हे चित्र बेटांवर सर्रास दिसे. मदतीच्या अहवालांत तिची नोंद ‘लाभार्थी’ म्हणून होते. देशातील रस्ते आणि बांध जिने उभारले तिला लाभार्थी म्हणावे, ही या अहवालांची भाषा चिकित्सेस पात्र आहे.

स्वस्त आयात धान्यामुळे स्थानिक मक्याला भाव मिळत नाही, हा अन्नमदतीवरील नेहमीचा आक्षेप येथे अंशतःच लागू पडतो. स्थानिक उत्पादन मुळात इतके थोडे होते, आणि त्यातील बहुतांश घरीच खाल्ले जाई.

पदोन्नतीनंतर

या देशाची शिस्त आणि प्रामाणिक हिशेब यांची कीर्ती देणगीदारांत लवकर पसरली. अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशनने २००५ मध्ये त्याच्याशी ११ कोटी डॉलरचा करार केला आणि २०१२ मध्ये ६.६२ कोटी डॉलरचा दुसरा. असा दुसरा करार मिळविणारा हा पहिलाच देश होता. चीनच्या साहाय्याने सांतियागो बेटावर २००६ मध्ये पोइलाव धरण पूर्ण झाले. डिसेंबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ‘अत्यल्प विकसित देशां’च्या यादीतून केप व्हर्ड बाहेर पडला, १९९४ मधील बोट्स्वानानंतर ही यादी सोडणारा तो दुसरा देश. मोयो यांच्या ‘पाच वर्षांनी मदत बंद’ या कल्पनेची एक सौम्य आवृत्तीच येथे प्रत्यक्षात आली म्हणावयास हरकत नाही.

या पदोन्नतीची मेख तिच्या निकषांत आहे. दरडोई उत्पन्न आणि मानवी विकास या दोन कसोट्यांवर देश उत्तीर्ण झाला होता. आर्थिक असुरक्षिततेच्या तिसऱ्या कसोटीवर मात्र तो अनुत्तीर्ण होता. तीनपैकी दोन पुरेशा होत्या. उत्पन्न वाढले ते मुख्यतः पर्यटन व परदेशातून येणाऱ्या पैशामुळे, आणि दोन्हींची सूत्रे बेटांबाहेर. ज्या असुरक्षिततेमुळे मदतीची गरज निर्माण झाली होती ती कायम असताना ‘गरज संपली’ असा शिक्का बसला.

परिणाम असा झाला, की देणग्यांची जागा क्रमाने सवलतीच्या कर्जांनी घेतली. पोर्तुगालकडून २० कोटी युरोंचे कर्ज घेऊन घरबांधणीचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. बांधलेल्या घरांपैकी अनेक दीर्घकाळ रिकामी राहिली. पोर्तुगीज कर्जावरच पुढची धरणे बांधली गेली. त्यांपैकी साव निकोलाउ बेटावरील बांका फुराडा धरणात पाणी टिकलेच नाही. २०१५–१६ च्या सुमारास सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या १२० टक्क्यांवर गेले होते. ‘फाइमो’च्या काळात बांध वाहून गेला तर मजुराच्या घरी निदान मका पोचलेला असे. कर्जाने बांधलेल्या धरणात पाणी राहिले नाही तरी हप्ता चुकत नाही, आणि धरणाच्या बांधकामावरील पैशाचा मोठा भाग ठेकेदार कंपन्यांमार्फत कर्ज देणाऱ्या देशातच परत जातो. ‘धान्य द्याल ते आम्ही विकू आणि पैसा कोठे खर्चावयाचा ते आम्ही ठरवू’ अशी १९७५ नंतरच्या दरिद्री सरकारची जी ताठर भूमिका होती, ती पत वाढलेल्या सरकारला राखता आली नाही, हा या इतिहासातील सर्वांत विचार करावयास लावणारा भाग आहे.

२०१७ मध्ये पाऊस जवळजवळ झालाच नाही. चारा आणि पाण्यासाठी तातडीची मदत मागावी लागली. माणसे दगावली नाहीत, गुरे मात्र लोकांनी मिळेल त्या भावाला विकली. २०२० मध्ये महासाथीमुळे विमाने थांबली आणि राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक पंचमांशाने घसरले. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये पोर्तुगालने केप व्हर्डकडील सुमारे १४ कोटी युरोंचे कर्ज टप्प्याटप्प्याने हवामान व पर्यावरण निधीत वळविण्याची घोषणा केली. पहिल्या टप्प्यात १.२ कोटी युरोंचे हप्ते लिस्बनला न जाता त्या निधीत जमा व्हावयाचे होते. परक्याकडून आलेले मूल्य देशातच एका निधीत साठवून त्यातून कामे काढणे ही कल्पना केप व्हर्डला नवी नाही. धान्यविक्रीच्या निधीवर सरकारचे जे नियंत्रण होते ते या निधीवर कितपत राहील आणि त्याच्या खर्चाच्या यादीत उतारावर दगड वाहणाऱ्या बाईची मजुरी कोणत्या रकान्यात बसेल, हे तपासण्यासाठी अभ्यासकांना त्या निधीच्या कामांचे जमाखर्च पाहावे लागतील.